नंबर १०, किंग हेन्रीज रोड

आज एका विकाऊ घराची गोष्ट. लंडनच्या प्रिमरोज हिल भागातलं विटांचं चार मजली घर. २०१४ मध्ये विक्रीला निघालं आणि २०१५ मध्ये ३० लाखांहून जास्त पौंड मोजून महाराष्ट्र सरकारने घेतलं.

इथली जमीन मुळात ईटन कॉलेजची. ते कॉलेज सहाव्या हेन्री राजाने काढलं, म्हणून रस्त्याला त्याचं नाव.

पण १९२१-२२ मध्ये इथे राहत होते तिशीतले भीमराव आंबेडकर. म्हणजे माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे! ही त्यांची लंडनची दुसरी खेप. बडोद्याची स्कॉलरशिप संपली, म्हणून १९१७ ला शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी मदत केली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध, आणि सोबत ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. मला ऑफिस सांभाळून एक ऑनलाइन कोर्स संपत नाही.

घर घेतलं खरं, पण स्मारकाला कॅम्डन कौन्सिलने नकार दिला. कारण काय, तर राहण्याचं एक घर कमी होईल. लंडनमधली घरांची टंचाई बघता मुद्दा अगदीच फालतू नाही. पण याच घराबाबत? मला नाही पटलं. सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली.