नखशस्त्राची निगा

बदलीचा हुकूम हाती पडला की घरोघरी सामानाची यादी होते. त्या यादीत जिचे नाव कधीच नसते आणि तरीही जी प्रत्येक नव्या गावी आपल्याबरोबर न चुकता येऊन पोहोचते, अशी एक वस्तू म्हणजे नेलकटर. आमच्या टेबलाच्या खणातील नेलकटराने आमच्याबरोबर पाच गावे पाहिली. गेल्या पावसाळ्यात त्याची खीळ गंजून अडकली, तेव्हा ते टाकून नवे आणावे असे घरात सर्वानुमते ठरले. आम्ही मात्र हट्टाने ते उघडून बसलो. त्या निमित्ताने जे आठवले आणि जुने ग्रंथ पुन्हा चाळून जे पाहिले, ते येथे सांगावेसे वाटते.

नखे काढण्याचा प्रश्न आपल्या देशात फार पूर्वीच नियमांच्या कक्षेत आला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात त्याची हकीकत आहे. भिक्षूंनी लांब नखे ठेवू नयेत, असा नियम झाला. मग भिक्षू नखांनीच नखे तोडू लागले, दातांनी कुरतडू लागले, भिंतीवर घासू लागले. बोटे दुखू लागली. तेव्हा नखे कापण्याची अनुमती मिळाली. त्यावर काहींनी रक्त येईपर्यंत नखे कापली. म्हणून ती मांसाच्या बेतानेच कापावीत असे सांगावे लागले. पुढे काही हौशी भिक्षूंनी विसांच्या वीस नखांना झिलई आणली. ती मना झाली, मळ काढण्यापुरती मोकळीक राहिली. परिपत्रक, त्यावर खुलासा आणि खुलाशावर पुन्हा खुलासा, हा क्रम आमच्या वाचकांना परका वाटू नये!

चरकसंहितेने पंधरवड्यातून तीनदा केस व नखे काढावीत असे सांगितले आहे. परंतु आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा सुश्रुत. त्याने शल्यकर्मासाठी वीस शस्त्रे गणली, त्यांत ‘नखशस्त्र’ हे एक आहे. शस्त्रांची नावे सांगून तो थांबत नाही. त्यांचे दोषही सांगतो. शस्त्र वाकडे नसावे, बोथट नसावे, खंडलेले नसावे, त्याची धार खरबरीत नसावी. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि ती धार टिकविण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी असावी. शस्त्राने केस तुटू लागला म्हणजे ते कामास योग्य समजावे. हत्यार वापरणाऱ्यानेच त्याची निगा राखली पाहिजे, हे त्याने इतके गृहीत धरले आहे की वेगळे सांगण्याची गरजही त्याला भासलेली नाही.

हीच रीत पुढे न्हाव्याच्या धोकटीत टिकून राहिली. वस्तरा, कातर, चिमटा, आरसा, पथरी आणि नराणी, एवढा त्या धोकटीचा संसार. नराणी म्हणजे लहानशा पटाशीसारखे लोखंडी हत्यार. पाण्याने नख भिजवावयाचे आणि नराणीच्या धारेने ते तासून काढावयाचे. तिला पथरीवर धार लावणे न्हाव्याचे काम, बोट पुढे करणे एवढेच यजमानाचे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत कामे कशी वाटलेली असत, हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वाचावयास मिळते.

आमच्या लहानपणी दर आठवड्याला धोकटी घेऊन येणारे एक वृद्ध गृहस्थ आम्हांला अजून आठवतात. आजोबा वर्तमानपत्रावरून नजर न उचलता हात पुढे करीत आणि ती नराणी नखाच्या कडेने अशी फिरे की आजोबांना वाचलेली ओळ पुन्हा शोधावी लागत नसे. इतका विश्वास आम्ही पुढे कोणावर टाकलेला नाही. पण ज्यांच्या हाती आजोबांची बोटे निर्धास्त असत, ते स्वतः ओसरीच्या पायरीवर बसत. आणि क्षौर आटोपले की आजोबा अंघोळीला जात. ती अंघोळ केसांची होती की स्पर्शाची, हे आम्हांला उमगण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली.

म्हणून ‘गेले ते दिवस’ असे म्हणताना आमची लेखणी अडखळते. ज्या धोकटीत नराणी होती, तिच्यातच विधवांच्या केशवपनाचा वस्तराही होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी हे काम न करण्याचा निर्धार केला. हत्यार कोणत्या कामी लावावयाचे, हे ते बाळगणाऱ्यांनी स्वतः ठरविले. मराठी सुधारणेच्या इतिहासात ह्या प्रसंगाला मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, असे आमचे मत आहे.

नेलकटराचा जन्म ह्या सर्वांपासून फार दूर, अमेरिकेत झाला. १८७५ साली व्हॅलेंटाइन फॉगर्टी याने तेथे पेटंट घेतले ते नखे कापण्याच्या साधनातील ‘सुधारणे’चे, म्हणजे तत्पूर्वीही अशी साधने असलीच पाहिजेत. १८८१ साली हाइम व मॅट्झ यांनी, १९०५ साली चॅपेल कार्टर याने आणखी पेटंटे घेतली. आपल्या हातात असते त्या घडणीचे श्रेय मात्र विल्यम बॅसेट याच्या १९४७ सालच्या ‘ट्रिम’ नेलकटराला द्यावे लागते. त्याने जुना जबडा तसाच ठेवला; परंतु कानशीच्या बुडाशी दोन बारीक उंचवटे काढून तिचे आडवे सरकणे थांबविले, खिळीला खाच पाडली आणि दांडीला अंगठा नीट बसेल असा बाक दिला. ह्या वस्तूने नखे काढण्याचे काम दुसऱ्याच्या हातून आपल्या हाती आणले. पथरी मात्र आपल्याकडे आली नाही, आणि आली नाही हे आपल्या ध्यानातही आले नाही.

आता आमच्या हट्टाकडे वळू. दांडी पूर्ण उलटी फिरवून किंचित वर ओढली की खिळीच्या खाचेतून सुटते व खीळ खालून निघते. आमची गंजलेली असल्याने शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर ठेवावी लागली. आत नखांची भुकटी आणि साबणाचा थर निघाला, तो दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने काढला व सारे भाग पुसून उन्हात वाळविले. मग जबडा दाबून दिव्यासमोर धरला. नेलकटराची पाती कातरीसारखी एकमेकांवरून सरकत नाहीत, ओठांसारखी मिटतात. म्हणून मधून उजेड दिसला की पाती झिजली वा खंडली असे समजावे. आमच्या नेलकटरात डावीकडे उजेडाची एक रेघ दिसली. बारीक कानस केवळ बाहेरच्या उतारावरून, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरविली. आतल्या बाजूस कानस लावली तर पाती कधीच नीट मिटत नाहीत. काचकागद कापल्याने धार येते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या अनुभवाने त्याने खरखर तेवढी कमी होते. खंडलेली धार परत येत नाही.

जबडा पुरता उघडत नसेल तर खीळ काढलेली असतानाच दोन्ही पट्ट्या बोटांनी अगदी थोड्या फाकवाव्यात. कानशीजवळचे उंचवटे झिजले असतील तर मात्र घरी इलाज नाही. जोडताना आम्ही पहिल्या खेपेस खाच उलट्या बाजूला ठेवली आणि दांडी काही केल्या बसेना. नातवाने ती चूक एका नजरेत ओळखली. शेवटी खिळीवर तेलाचा एकच थेंब सोडावा. अधिक सोडल्यास ते नखाला लागते, नखावरून बोटाला, आणि बोटावरून कागदाला. नोकरीत असताना एकदा आमच्या टिपणीवर असा डाग पडला होता आणि वरिष्ठांनी त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढून खुलासा मागविला होता.