लहरी कोणाच्या?

१८८५ सालीं नीरेचा डावा कालवा बारामती आणि इंदापूरच्या अवर्षणग्रस्त मुलखाकडे वाहूं लागला, आणि त्याच सालीं हिंदुस्थानांत तारायंत्राचा कायदा झाला. पाण्याची वाटणी सरकारच्या हातीं आली, तशीच संदेशवहनाची मक्तेदारीहि. पुढें बिनतारी लहरींचा शोध लागला, तेव्हां त्याहि याच कायद्याखालीं गेल्या.

मुंबईचें ध्वनिक्षेपण-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, पुण्याचें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें एक अभिनव प्रयोग केला. पुणें जिल्हा धरून पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत श्रोतृमंडळें स्थापन झालीं. गांवकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका पुण्यास लिहून पाठवीत. खेड्यानें नभोवाणीस प्रश्न विचारावा, ही गोष्ट लहान नव्हती. परंतु ध्वनिक्षेपक शहरांतच राहिला, आणि कोणता प्रश्न सर्वांच्या कानीं घालावयाचा, हें शहरच ठरवीत राहिलें.

या मक्तेदारीस धक्का बसला तो क्रिकेटच्या सामन्यांवरून. त्यांच्या प्रक्षेपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं न्यायमूर्ति परशुराम बाबाराम सावंत यांनीं निकालपत्रांत लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचें स्पष्ट केलें. पुढें २००२ च्या धोरणानें शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणानें स्वयंसेवी संस्थांनाहि सामुदायिक केंद्रें काढण्याची मुभा मिळाली. बारामतीस विद्या प्रतिष्ठानचें ‘वसुंधरा वाहिनी’ हें केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलूं लागलें. जो मुलूख ऐकत होता, त्याच्या हातीं ध्वनिक्षेपक आला.

तरीहि हा हक्क मोजून-मापूनच दिलेला आहे. अशा केंद्राची शक्ति सामान्यतः १०० वॅट, मनोरा फार तर ३० मीटर. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत, ही अट योग्यच, परंतु स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. एवढ्या शक्तीचा आवाज थोडक्याच कोसांवर विरतो. इंदापूर तर बारामतीहून सुमारें पन्नास किलोमीटर दूर. कालवा आला म्हणजे शेवटच्या शेतास पाणी मिळालेंच असें नाहीं, हें या दोन तालुक्यांना कोणीं शिकवावयास नको. लहरी सर्वांच्या आहेत हें न्यायालयानें सांगितलें. त्यांची वाटणी मात्र अजून पुरी व्हावयाची आहे.