ग्लॅडिओलस : तोच कंद की दुसरा?

आर्वीतल्या आमच्या अंगणात शेवंती, मोगरा, झेंडू पहिल्यापासून. ग्लॅडिओलस फार उशिरा आला. आयरिसच्याच कुळातला. नाव लॅटिन, अर्थ छोटी तलवार, आणि पानं पाहिली की नाव पटतं. बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या. त्यांच्या संकरातून आलेली 'गांडाव्हेन्सिस' बेल्जियममधल्या गेंटच्या व्हॅन हूट यांनी १८४१ साली विक्रीला आणली. बागांमधला आजचा वंश तिथून वाढला. वास नाही, म्हणून आपल्याकडे तो देवघरात गेला नाही, पुष्पगुच्छात गेला. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'फुले गणेश' ही जात दिली, तेव्हा कुठे नाव तरी मराठी झालं!

खरी गंमत जमिनीखाली आहे. लावलेला कंद सुकत जातो, त्याच्या डोक्यावर नवा कंद धरतो, भोवती बारीक पिल्लं. म्हणजे आपण काढून जपतो तो कंद आपण लावलेला नसतोच. मिलिंदपन्हात नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतात. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नव्हे, वेगळीही नव्हे. वर्गात आम्ही हे किती वेळा सांगितलं असेल.

थोरल्या वहिनींनी दिलेले कंद आम्ही अकरा वर्षं चालवले. ऑक्टोबरात लावायचे, पानं पिवळी पडली की काढून सावलीत वाळवायचे. एका मे महिन्यात ते टिनाच्या खोलीत राहून गेले आणि अक्षरशः शिजले. वहिनी तोवर गेल्या होत्या. बाजारातून त्याच रंगाचे आणले. इथे नागसेनांचा दाखला लागू होत नाही, ज्योत मध्येच विझली होती. यंदा फुललं तेव्हा घरातून आवाज आला, "वहिनींची फुलं आली बरं का." आम्ही काही बोललो नाही.