पाळीव सरडा आजारी पडला तर : आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न

"डॉक्टर, आमचा इग्वाना चार दिवस काही खात नाही, शीही झाली नाही. त्याला ओआरएस पाजू का?" मी माणसांचा डॉक्टर असूनही असे प्रश्न मला विचारले जातात, कारण सरड्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सगळीकडे सहज मिळत नाहीत. औषध आणि त्याचा डोस पशुवैद्यांनीच ठरवायचा असतो. पण त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत घरी काय करावे, काय टाळावे आणि घरातल्या माणसांना कसे जपावे, हे प्रत्येक पालकाला माहीत हवे.

सरड्याचे पोट का बिघडते?

आपले शरीर स्वतः उष्णता तयार करते. सरडा ती बाहेरून घेतो. पेटी थंड असेल तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि खाल्लेले अन्न पचत नाही, पोटातच कुजू लागते. रात्रभर एसी चालणारी खोली किंवा बंद पडलेला दिवा एवढेही कारण पुरते. इतर नेहमीची कारणे अशी :

- पाणी कमी पडणे, त्यामुळे शी घट्ट होणे
- पेटीतील वाळू किंवा खडे पोटात जाऊन आतडे तुंबणे
- फार मोठे किडे खायला देणे
- यूव्हीबी दिवा किंवा कॅल्शियम न मिळणे. कॅल्शियम कमी झाले की हाडांबरोबर आतडीही दुबळी होतात
- जंत आणि इतर परजीवी
- मादीच्या पोटात अंडी अडकणे. हे वरवर बद्धकोष्ठतेसारखेच दिसते

पाणी कमी झाल्याची लक्षणे

- डोळे खोल जाणे
- त्वचेची घडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच राहणे
- तोंडातील लाळ चिकट, तारेसारखी होणे
- शीबरोबर येणारा पांढरा भाग पिवळा, नारिंगी किंवा खडूसारखा कडक होणे. हा भाग म्हणजे सरड्याची घट्ट लघवी. तो पांढरा आणि मऊ असावा.
- सुस्ती, शेपूट बारीक होणे

घरी काय करावे?

१. आधी ऊब. पेटीतले तापमान हाताने अंदाज न घेता थर्मामीटरने मोजा, तेही सरडा बसतो त्याच जागी. उबेच्या जागेचे तापमान हिरव्या इग्वानासाठी सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, बिअर्डेड ड्रॅगनसाठी ३८ ते ४२ आणि लेपर्ड गेकोसाठी ३१ ते ३३ असावे. पेटीची दुसरी बाजू थंड ठेवा, म्हणजे त्याला हवे तेव्हा सरकता येईल. दिवा त्याच्या अंगाला लागेल इतका जवळ नको, सरडे भाजतात.

२. मग पाणी. इग्वाना किंवा बिअर्डेड ड्रॅगनला उथळ टबमध्ये साधारण ३० अंशांच्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे ठेवा. पाणी खांद्याच्या वर जाऊ देऊ नका आणि त्याला एकटे सोडू नका. लेपर्ड गेकोला ओलसर टिश्यू घातलेली लपायची डबी पुरते. सरडा सावध असेल तर नाकपुड्या टाळून ओठाच्या कडेला साध्या पाण्याचे थेंब सोडा, तो चाटेल. सिरिंजने तोंडात जोरात पाणी मारू नका, ते फुप्फुसात जाते. मान धरता येत नसेल इतका तो अशक्त असेल तर आंघोळही नको, थेट पशुवैद्यांकडे न्या.

३. शेवटी अन्न. थंड आणि कोरड्या पडलेल्या सरड्याला बळजबरीने भरवू नका. न पचलेले अन्न त्रास वाढवते. अनेक दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला देणेही धोक्याचे आहे. तो स्वतः खाऊ लागला की थोडेथोडे द्या. इग्वानाला जास्वंदीची पाने, मोहरीची पाने, किसलेला लाल भोपळा चालतो. पालक रोज नको, त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवते. किडे दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठे नसावेत. बाहेरून पकडलेले किडे देऊ नका, काजवा तर कधीच नाही. एका काजव्यानेही बिअर्डेड ड्रॅगन दगावू शकतो.

हे करू नका

माणसांची जुलाबाची गोळी, जुलाबाचे औषध किंवा घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. दूध सरड्याला पचत नाही. तोंडातून तेल पाजले तर ते फुप्फुसात उतरू शकते. ओआरएसही पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नको.

लगेच पशुवैद्यांकडे केव्हा न्यावे?

- शीत रक्त, उलटी किंवा फुगलेले पोट
- सतत कुंथणे, तरी काही बाहेर न येणे
- गुदद्वारातून लाल मांसल भाग बाहेर येणे. तो स्वच्छ सलाईनने ओला ठेवा, आत ढकलू नका
- मागचे पाय ओढत चालणे
- ऊब आणि पाणी देऊनही दोन दिवसांत फरक न पडणे

जाताना ताजी शी स्वच्छ डबीत घ्या, पेटीचा फोटो आणि तापमानाची नोंदही न्या. सरडा हवेशीर डब्यात, उबेत ठेवा. सरडे तपासले जातात का, हे आधी फोनवर विचारा. हिरवा इग्वाना पाळत असाल तर वन्यजीव कायद्यानुसार त्याची नोंदणी आवश्यक आहे. घोरपड पाळणे हा गुन्हा आहे.

घरातल्या माणसांची काळजी

धडधाकट दिसणाऱ्या सरड्याच्या आतड्यांतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. आजारपणात आपण त्याला जास्त हाताळतो, त्याची शी साफ करतो, म्हणून धोका वाढतो.

- हाताळल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा.
- टब आणि भांडी वेगळी ठेवा. ती स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.
- ५ वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना सरड्यापासून आणि त्याच्या पेटीपासून दूर ठेवा. गरोदर स्त्रियांनी साफसफाईचे काम दुसऱ्याकडे द्यावे. घरात इतके लहान मूल असेल तर सरडा न पाळणेच योग्य.

साल्मोनेलाची लागण झाल्यावर ६ तास ते ६ दिवसांत ताप, जुलाब आणि पोटात कळा सुरू होतात. मुलाला ओआरएस सुरू करा. शीत रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणे किंवा गुंगी दिसली तर थांबू नका, डॉक्टरांकडे या. आणि आल्यावर "घरात सरडा आहे" हे आम्ही न विचारताही सांगा. या एका वाक्याने योग्य तपासणी लवकर होते.