किती कापायचे, किती राखायचे?

वृषणात गाठ आढळली की ते वृषण पूर्ण काढून टाकायचे, हा शल्यचिकित्सकांचा जुना दंडक. तो उगीच नव्हता. हाताला लागणाऱ्या अशा गाठी बहुतेक कर्करोगाच्याच असतात आणि सुई घालून तुकडा काढावा, तर रोग पसरण्याची भीती. म्हणून जांघेत छेद घेऊन वृषण काढले जाई. निदान नंतर होई. क्वचित गाठ निरुपद्रवी निघे, पण तोवर अवयव गेलेला असे.

हे टाळायचे, तर रुग्ण टेबलावर असतानाच गाठीची जात कळायला हवी होती. ती वाट अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये सुकर केली. तुकडा गोठवायचा, पातळ काप घेऊन रंगवायचा आणि काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पुढे सोनोग्राफी आली आणि हाताला न लागणारी गाठही दिसू लागली.

लायडिग पेशींच्या गाठीचेच पाहा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार करणाऱ्या या पेशींचे वर्णन जर्मनीच्या फ्रान्झ लायडिग यांनी १८५० मध्ये केले. वृषणाच्या शंभर गाठींत अशा एक ते तीनच. त्यांतल्या सुमारे ९० टक्के निरुपद्रवी. तेव्हा लहान गाठ तेवढी काढून वृषण राखता येते.

खरा पेच कर्करोगात होता. एक वृषण गमावलेल्या तरुणाच्या दुसऱ्यातही गाठ निघाली तर? तेही काढले, तर पितृत्वाची आशा संपते आणि संप्रेरक जन्मभर बाहेरून घ्यावे लागते. जर्मन अभ्यासगटाने २००१ मध्ये वृषण राखलेल्या ७३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७२ जणांत रोगाचा मागमूस नव्हता. अटी मात्र कडक होत्या : गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान हवी, भोवतालचे नमुने तपासायला हवेत. अनेकांना नंतर किरणोपचार द्यावे लागले. त्याने पितृत्वाची आशा मावळते, पण शरीराचे स्वतःचे संप्रेरक बहुतेकांत टिकते.

दुसरे वृषण निरोगी असेल, तर कर्करोगात आजही पूर्ण वृषण काढणेच योग्य मानतात. राखण्याची मुभा लहान गाठीपुरतीच आहे. आपल्याकडे पुरुष संकोचापायी महिनोन्महिने गप्प बसतात, आणि तेवढ्यात ती मुभा निघून जाते.