गाळातले कॅडमियम भातात कसे पोचले?

जपानच्या तोयामा प्रांतातून जिंझू नदी वाहते. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची व शिशाची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच. जस्त काढून घेतल्यावर उरलेला बारीक चुरा आणि सांडपाणी नदीत जाई, आणि नदीचे पाणी पाटांनी खालच्या भातखाचरांत. वर्षानुवर्षे तेथे कॅडमियमयुक्त गाळ साचत गेला.

खालच्या गावांत, मुख्यतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांना, एक विचित्र आजार जडू लागला. मूत्रपिंडे बिघडत, हाडे मऊ पडत, साध्या खोकल्याने बरगडी मोडे. ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे त्या विव्हळत; तेच रोगाचे नाव झाले. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी १९६१ साली कॅडमियमकडे बोट दाखवले. सरकारने ते मान्य केले १९६८ साली. १९७२ साली वरिष्ठ न्यायालयातही रुग्णांनी खाण कंपनीविरुद्धचा दावा जिंकला.

पण गाळात बसलेला धातू दाण्यात शिरला कसा? खाचर पाण्याने भरलेले असते तेव्हा मातीत ऑक्सिजन नसतो. कॅडमियम गंधकाशी जोडले जाऊन त्याचे न विरघळणारे सल्फाइड बनते. कापणीपूर्वी शेतकरी पाणी काढून टाकतो, मातीत हवा शिरते, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि सुटे झालेले कॅडमियम मुळे शोषून घेतात. मातीतला धातू तेवढाच राहतो. बदलते ते त्याचे रूप.

म्हणूनच आम्ही गाळ तपासणारे लोक ‘धातू किती?’ एवढे विचारून थांबत नाही. १९७९ साली कॅनडातील टेसिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकापेक्षा एक तीव्र रसायने वापरून गाळातील धातूचे पाच भाग वेगळे करण्याची रीत मांडली. कणांच्या पृष्ठभागाला सैल चिकटलेला धातू सर्वांत आधी सुटतो. कार्बोनेट, लोह-मँगनीजची ऑक्साइडे आणि सेंद्रिय द्रव्य यांना बांधलेला त्यानंतर. खनिजाच्या स्फटिकात अडकलेला सर्वांत शेवटी. दोन नद्यांच्या गाळात एकूण कॅडमियम सारखे असूनही धोका वेगळा असू शकतो, तो यामुळे.

तोयामातील दूषित खाचरांची माती गाडून त्यांवर स्वच्छ माती घालण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालले. ते २०१२ साली पुरे झाले. रोगाचे कारण सरकारने मान्य केल्याला तोवर ४४ वर्षे लोटली होती.