संख्यात्मक पद्धतींचे विद्यापीठीय अध्यापन आणि त्रुटीचे भान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संख्यात्मक पद्धती हा विषय विद्यापीठात शिकवला जाऊ लागला तो संगणकाबरोबर, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः १९१२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झालेले ई. टी. व्हिटेकर यांनी १९१३ मध्येच तेथे ‘गणितीय प्रयोगशाळा’ सुरू केली होती. भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा असते, तशीच गणितालाही असावी, ही कल्पना त्या काळी नवी होती. चौकटी आखलेले कागद, पेन्सिल आणि कोष्टके हीच तेथील मुख्य साधने. अंतर्वेशन व संख्यात्मक संकलन यांसाठी डेव्हिड गिब यांनी १९१५ मध्ये लिहिलेले पुस्तक याच प्रयोगशाळेसाठी होते. पुढे व्हिटेकर आणि जी. रॉबिन्सन यांचा ‘द कॅल्क्युलस ऑफ ऑब्झर्वेशन्स’ (१९२४) हा ग्रंथही याच अध्यापनातून साकारला.

हाताने केलेल्या गणनेत पडताळा हा कामाचाच भाग असे. कोष्टकातील एक संख्या चुकली, की चौथ्या क्रमाच्या अंतरांत ती चूक १, −४, ६, −४, १ या प्रमाणात पसरते. सरळ चालणाऱ्या स्तंभात हा चढउतार लगेच डोळ्यांत भरतो. विद्यार्थ्याला चुकीचे अस्तित्वच नव्हे, तर तिची जागाही कळत असे. येथे चूक शोधणे हे निकाल काढण्याइतकेच महत्त्वाचे कौशल्य होते.

या परंपरेचे मोल १९४६ मधील एका प्रसंगातून लक्षात येते. टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत (एनपीएल) १८ अज्ञातांची १८ समीकरणे सोडवण्याचे काम आले. फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन यांनी हे काम टेबलावरील गणनयंत्रांवर पार पाडले. प्रत्येक टप्प्यावर होणाऱ्या राउंडिंगमुळे अचूकता नष्ट होईल, अशी भीती त्या काळच्या सिद्धांतातून निर्माण झाली होती; हॅरोल्ड हॉटेलिंग यांच्या १९४३ मधील अंदाजानुसार समीकरणांची संख्या वाढेल तशी त्रुटी चौपटीने वाढू शकत होती. प्रत्यक्षात मात्र उत्तरे मूळ समीकरणांत घातल्यावर उरलेला फरक अत्यल्प होता. हे का घडले, याचा शोध ट्युरिंग यांच्या १९४८ मधील निबंधात सुरू झाला. विल्किन्सन यांनी पुढे तो तडीस नेला : काढलेले उत्तर दिलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर नसेलही, पण ते किंचित बदललेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर असते. त्यांचा यावरील ग्रंथ १९६३ मध्ये आला. अंक हाताखालून गेलेल्या माणसांनाच हा विरोधाभास जाणवला, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

संगणकाने अंक दृष्टीआड केले. स्टॅनफर्डचे जॉर्ज फॉर्साइथ यांनी १९७० मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये, गणिताचे पाठ्यपुस्तक गणनेसाठी पुरेसे का नाही, हे साध्या उदाहरणांनी दाखवले. अशा उदाहरणांची जातकुळी पुढील वर्गसमीकरणावरून समजते : x² − १०००x + १ = ०. चार सार्थ अंकांत गणना केल्यास विवेचकाचे वर्गमूळ १००० येते आणि परिचित सूत्राने लहान मूळ शून्य ठरते! खरे मूळ सुमारे ०.००१ आहे. मुळांचा गुणाकार १ असतो, एवढे लक्षात घेऊन १ ला मोठ्या मुळाने भागले, तर त्याच चार अंकांत योग्य उत्तर मिळते. सूत्र निर्दोष असूनही मार्ग सदोष असू शकतो, हे बीजगणिताच्या वर्गात सहसा सांगितले जात नाही.

भारतात ऑगस्ट १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला आणि विद्यार्थ्यांना त्यावर काम करण्याची संधी मिळाली. अन्य संस्थांतील अध्यापक व संशोधकांसाठीही तेथे लघु अभ्यासक्रम घेतले गेले. तेथे अध्यापन करणारे व्ही. राजारामन यांचे संगणकाभिमुख संख्यात्मक पद्धतींवरील पाठ्यपुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात संगणकीय अंकगणितावर आरंभीच स्वतंत्र प्रकरण आहे, ही बाब विशेष उल्लेखनीय होय.

पदवी परीक्षांत मात्र न्यूटन-रॅफसन पद्धतीने मूळ ‘चार दशांश स्थळांपर्यंत’ काढावयास सांगितले जाते. ती चार स्थळे विश्वसनीय कशावरून, हे क्वचितच विचारले जाते. वरील वर्गसमीकरण दोन्ही मार्गांनी, आधी चार आणि मग आठ सार्थ अंकांत सोडवून त्यांतील फरक लिहून काढणे, एवढे काम प्रात्यक्षिकाच्या एका तासिकेत सहज बसते. त्यासाठी संगणकही लागत नाही.